बाथरूममध्ये गायलेलं प्रेमगीत

ज्या माणसामुळे माझं लग्न जमलं, त्याच्याबद्दल मी कुवेतमध्ये एकदा चार शब्द बोललो. "जरा घेतो हो तो." चारही शब्द खोटे होते, आणि ते खोटे होते हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला या प्रकरणातलं निम्मं ठाऊक आहे. त्या निम्म्यावर ती इतकी हसली, की उरलेलं सांगायला माझी जीभ उचलली नाही. ते उरलेलं इथे लिहितो आहे.

मी मुळात घुमा माणूस. अर्दियातल्या एका गोदामात एअर कंडिशनरच्या सुट्या भागांचा साठा सांभाळतो. तिथे बोलायचं कारण फारसं पडत नाही. घुम्या माणसाला लोक सज्जन समजतात. तो कधी काळी तोंड उघडून कुणाबद्दल वाईट बोललाच, तर ते खरंच असणार असं धरून चालतात. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळता केलं असं म्हणायची सोय मला नाही.

सुरुवात माझ्या आत्याने केली. लग्नाचा बायोडेटा तिने बनवला. उंची, रास, गोत्र, शिक्षण, कुवेतची नोकरी, सगळं भरून झाल्यावर 'छंद' ही ओळ रिकामी राहिली.

मी फोनवर म्हटलं, "आत्या, मला छंद नाहीत."

"अरे, छंद नसलेला मुलगा माणूसघाणा वाटतो. मी लिहिते काहीतरी."

तिने लिहिलं, वाचन, गायन, प्रवास. वाचन म्हणजे खोक्यांवरची लेबलं. प्रवास म्हणजे कंपनीच्या बसने अब्बासिया ते अर्दिया. गायनाचं मात्र काही केल्या जुळेना. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई माझ्याजवळ येऊन हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं बाळ."

बायोडेटातले छंद कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. कोल्हापूरच्या एका मुलीने वाचले. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवायची. दोन व्हिडिओ कॉल झाले आणि दुसऱ्याच कॉलला मी, सांगायला लाज वाटते, पार विरघळलो. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. गायन लिहिलंय तुम्ही, मग काहीतरी म्हणून पाठवा ना. खाली गाण्याचं नावही दिलेलं. मराठी नाही, हिंदी नाही, थेट इंग्रजी.

गाणं एका इंग्रज गायकाचं, त्याने स्वतःच लिहिलेलं. तोवर ते दुकानांतून, टॅक्सीतून माझ्या कानावरून गेलं होतं, पण अशा गाण्यांकडे मी एसीच्या घरघरीइतकंच लक्ष द्यायचो. आता कान देऊन ऐकलं. सुरुवातीला नुसता पियानो. हा गडी त्यावर दबक्या आवाजात, चुकून काच फोडलेल्या माणसासारखा, काहीबाही सांगत राहतो. मग ड्रम येतो, मागून बायकांचा कोरस येतो, आणि शेवटाकडे गडी असा काही वर चढतो, की वाटतं आता याला खाली उतरवायला शिडी लावावी लागणार. अर्थ काढायला गेलं तर एवढाच, की बाई गं, तुझ्यावाचून माझं काही खरं नाही. आमच्याकडे हे कुणी सांगतच नाही. फार झालं तर जेवताना भाजी चांगली झालीय म्हणतात. हा साडेचार मिनिटं घेतो. पण तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. गाण्यामुळे की तिच्यामुळे, हे विचारू नका.

अब्बासियात तेव्हा आम्ही सहाजण एका फ्लॅटमध्ये राहायचो. मराठी दोघेच, मी आणि मालवणकडचा एक. तो हॉस्पिटलात डायलिसिसचा टेक्निशियन होता. देवाने त्याला गळा दिला होता आणि तो त्याची काडीची कदर करायचा नाही. चार चार तास मशीनला जखडलेले पेशंट जे मागतील ते म्हणून दाखवायचा. अरबी म्हाताऱ्यांना त्यांची गाणी, मल्याळी नर्सना त्यांची. अर्थ कळला पाहिजे अशी त्याची अट नसायची.

मी त्याला मेसेज दाखवला. तो कॉटवर आडवा होऊन हसला.

"मेल्या, तुका गाणा येता म्हणान लिवलंस? तुका धड जांभय देवक येणा नाय!"

"आत्याने लिहिलंय."

"मग आत्येक गावक सांग."

मी तिचा मेसेज पुन्हा वाचत बसलो. थोड्या वेळाने त्याचं हसणं थांबलं.

"आवडली काय रे?"

मी मान हलवली.

"मग ऊठ. बाथरूम रिकामा कर."

बाथरूमच का, तर तिथे आवाज घुमतो. शुक्रवारची दुपार होती, सगळे सुट्टीवर. बाकी चौघांना तासभर आत यायची बंदी घातली. पहिल्या खेपेला पाण्याची मोटर सुरू झाली. दुसऱ्या खेपेला आमच्या तेलुगू भाईने दार बडवलं. त्याची अडचण खरी होती. तिसऱ्या खेपेला गाणं झालं. मी पालथ्या बादलीवर फोन धरून बसलेलो, आणि हा लुंगी-बनियनवर, खिडकीच्या जाळीकडे तोंड करून, त्या इंग्रजाला मागे टाकील असं गायला. चढायच्या जागेआधी त्याने एक छोटासा श्वास अडकवला, उचकीसारखा, आणि मग वर गेला. अगदी शेवटच्या ओळीवर स्वयंपाकघरात कुणाच्या तरी कुकरने शिट्टी दिली.

मी म्हटलं, "अजून एकदा करू या."

"आता नाय. घसो माझो आसा, तुझ्या आत्येचो नाय."

तसंच पाठवलं. वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला, 'कुकर तुमचा का?' मी लिहिलं, 'हो.' पुन्हा मेसेज, 'गाता आणि स्वयंपाकही करता?' पुढच्या आठवड्यात होकार आला. स्वयंपाक मी नंतर शिकलो. दोहोंपैकी तेवढं एकच शिकता येण्यासारखं होतं.

मित्राने एकच अट घातली होती. "लग्न झाला की पयल्याच आठवड्यात वहिनीक सांगून टाक. हसतली आणि इसारतली. उशीर केलंस तर आंबतला." मी शपथ घेतली.

पहिल्याच आठवड्यात, महाबळेश्वरच्या हॉटेलात, तिने इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं माझ्या. डोळे मिटून ते सबंध गाणं ऐकलं, कुकरसकट. मग म्हणाली, "या आवाजात तुम्ही वेगळेच वाटता."

"वाटतो खरा," मी म्हणालो. याहून जास्त खरं मला बोलता आलं नाही.

कुवेतला येऊन आम्ही फिंतासला भाड्याने घर घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यात मोठं धुळीचं वादळ आलं. असं वादळ कुणाला आवडत नाही, मला आवडलं. आठ दिवस खोकलो आणि जाहीर केलं, की आवाज गेला. तिला वाईट वाटलं. तेव्हापासून कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माझ्यासाठी ज्येष्ठमध असायचा. सकाळी मिठाच्या गुळण्या, रात्री हळदीचं दूध. एकदा तिने घशाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. त्या भल्या माणसाने नाकातून कॅमेरा घातला, स्वरयंत्रापर्यंत नेला आणि म्हणाला, "सगळं उत्तम आहे. तक्रार काय आहे नक्की?" घरी येऊन मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आशा ठेवू नका."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. पण या सगळ्यात त्या मित्राला मी घरी बोलावत नव्हतो. ज्याने मला संसार मिळवून दिला त्याला माझ्या घरचा चहासुद्धा नाही. कारण सरळ होतं. त्याला वाटत होतं की मी बायकोला केव्हाच सांगून टाकलंय, त्यामुळे तो आला की पाचव्या मिनिटाला गाण्यावरून थट्टा सुरू करणार. फोनवर भेटायचो, अब्बासियात चहाला भेटायचो. घरी ये असं मी म्हटलं नाही, येऊ का असं त्याने विचारलं नाही.

मग गणपतीचा कार्यक्रम आला. आमचं मराठी मंडळ शाळेचा हॉल घेऊन गणपती करतं आणि एक संध्याकाळ कलाकारांची असते. मी सांस्कृतिक समितीत होतो. बायकोला वाटायचं, गाता येत नाही तर निदान गाण्याची सेवा तरी करतात. खरं कारण, यादी माझ्या हातातून जायची. त्या वर्षी यादीत त्याचं नाव होतं आणि नावापुढे तेच इंग्रजी गाणं. त्याने मला गंमत म्हणून ते निवडलं असणार. पहिल्या रांगेत माझी बायको बसणार होती.

अध्यक्ष बँकेतले, मोठे शिस्तीचे. म्हणाले, "हे नवीन गृहस्थ तुमच्या ओळखीचे ना? कसे आहेत?"

'यंदा वेळ कमी आहे, पुढच्या वर्षी बघू' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं असतं. मी अंगठा ओठांपाशी नेला आणि म्हणालो, "आवाज छान आहे. पण जरा घेतो हो तो."

पुण्या-मुंबईत हे वाक्य कुणी ऐकूनही घेणार नाही. कुवेतमध्ये दारूबंदी आहे. इथे हे ऐकलं की डोळ्यांसमोर पोलीस, तुरुंग आणि परतीचं विमान येतं. अध्यक्षांनी पेन काढून नावावर रेघ मारली. "बरं झालं सांगितलंत. फॅमिली प्रोग्रॅम आहे आपला."

त्याला मी कळवलं, "वेळ कमी पडतोय रे."

"बरा," तो म्हणाला. "पुढच्या वर्सा बघू."

मला वाटलं, मिटलं. पण मंडळात एखादी गोष्ट अध्यक्षांपाशी थांबली, असं आजवर झालेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन तीच बातमी मलाच दिली. तोवर तिच्यात अब्बासियातली एक खोली आली होती, दारू गाळायचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम आला होता, आणि हॉस्पिटलातल्या स्पिरिटचाही उल्लेख होता. "तुम्ही राहिलाय ना त्याच्याबरोबर? खरं का हो?" मी घुम्यासारखा उभा राहिलो. ते म्हणाले, "कळलं. मित्राबद्दल काय बोलणार तुम्ही."

माझं न बोलणंही पुरावा झालं.

बायकोच्याही कानावर ते आलं. तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणून तर घरी बोलावत नाही." किती सोयीचं होतं ते! एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही पक्षी तोच. त्याला डोहाळजेवणं, बारशी, वाढदिवस, कशाकशाची बोलावणी येईनाशी झाली. एका नर्सच्या घरून त्याच्यासाठी विचारणा चालू होती, तीही थांबली. ती याच कारणाने थांबली का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याचं लग्न राहूनच गेलं. तो मात्र दरवेळी चहावर म्हणायचा, "काय रे, मंडळातले लोक माका बघून बाजूक जातत. घामाचो वास येता काय माका?" मी म्हणायचो, "तसं काही नसेल रे."

हा माणूस आयुष्यात सोलकढीपलीकडे कशाला शिवला नव्हता.

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा त्याने नोकरी सोडली. आई थकली होती, तिच्याजवळ कायमचं राहायला गावी निघाला होता. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी फोन आला, "तुझ्या बिल्डिंगीखाली उभो आसंय. कितवो मजलो?"

बायकोने दार उघडलं. तो हातात पिशवी घेऊन उभा. पिशवीतून त्याने दोन बाटल्या काढल्या, आत काळपट लाल काहीतरी. बायकोने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोकमाचं आगळ आहे, वहिनी. आईने काढलेलं. जाताना परत कशाला न्यायचं?"

तिने बाटल्या आत नेल्या. झाकण उघडून वास घेतला असणार. मीही तिच्या जागी घेतला असता.

हॉलमध्ये आमची नऊ वर्षांची मुलगी कीबोर्डवर शाळेच्या कार्यक्रमाची तयारी करत होती. गाणं अर्थातच तेच. आईच्या आवडीचं म्हणून तिने निवडलेलं. चढायच्या जागी तिचा आवाज फाटत होता. तो ऐकत उभा राहिला. "बाय, खालून सुरू कर की. एवढ्या वर कशाला जातेस?"

"बट इट साउंड्स बोरिंग देअर, काका."

"बोरिंग? थांब." आणि तो गायला. दोनच ओळी. चढायच्या आधी तो उचकीसारखा श्वास घेतला आणि वर गेला.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तो श्वास तिने अकरा वर्षांत किती वेळा ऐकला असेल, कोण जाणे. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"भाऊजी, हे पुन्हा म्हणा."

"अजून कंटाळला नाहीत, वहिनी? याने सांगितलंच असेल बाथरूमचं सगळं. हा बादलीवर बसलेला. तुमचं लग्न माझ्या घशावर जमलं आणि मला अजून मानपान नाही! साधी टोपी-उपरणंसुद्धा नाही!"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी कीबोर्डकडे. मुलगी म्हणाली, "वेट, सो दॅट्स नॉट बाबा?"

आणि बायको हसायला लागली. खुर्ची धरून, मग खुर्चीत बसून, मग डोळ्यांना पदर नाही म्हणून ओढणी लावून. "अकरा वर्षं मी ज्येष्ठमध आणतेय! अहो, नाकातून कॅमेरा घालून घेतलात तुम्ही!" मित्रालाही तेव्हा कळलं, की मी शपथ पाळली नव्हती. तोही हसला. "वहिनी, मी म्हटलं होतं याला, पहिल्या आठवड्यात सांग." ती म्हणाली, "तुम्ही आता जेवूनच जायचं. मानपान राहिलाय तुमचा." मी इतका हलका झालो, की मीही हसलो.

मग तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कणीक मळता मळता, आवाज खाली करून विचारलं, "काय हो, ते पिण्याचं जे म्हणतात, तेही असंच नाही ना काही?"

आता सांगायचं होतं. ती हसत होती, दार उघडं होतं, याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. पण आवाजाच्या खोट्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. नुसता मीच वेडा ठरलो होतो. या खोट्यात एका माणसाची वर्षानुवर्षं गेली होती, आणि तो बाहेर माझ्या मुलीला सूर शिकवत होता. यावर ती हसणार नव्हती. मी म्हणालो, "आता सोडली असेल."

तो जेवला. तिने आग्रह कर करून वाढलं. निघताना दाराशी त्याने एक बूट घातला होता, दुसरा हातात होता. ती मनापासून म्हणाली, "भाऊजी, एक बोलू? ती सवय सोडलीत, फार चांगलं केलंत. मंडळात काहीबाही बोलायचे, आम्हीही ऐकून घेतलं. तुम्हाला कधी घरी बोलावलं नाही. राग मानू नका."

तो बूट हातात धरून तसाच राहिला. मंद माणूस नव्हता तो. दुसऱ्यांच्या नाडीवर लक्ष ठेवण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांच्या रॅककडे पाहिलं. बाजूला जाणारी माणसं, न आलेली बोलावणी, खोडलेलं नाव, सगळं त्याला तिथे, एका पायावर उभ्या उभ्या कळलं असणार.

"हो, वहिनी," तो म्हणाला. "सोडली. बरीच वर्षं झाली."

मी त्याला खाली सोडायला गेलो. सात मजले मी लिफ्टमधले आकडे बघत उतरलो. टॅक्सीत बसताना तो म्हणाला, "पोरगी बरी गाता. कोणाक तरी शिकवूक ठेव तिका. तू नको हां." आणि दार लावून घेतलं.

त्याला गावी जाऊन आता वर्ष होत आलं. मी एकदाही फोन केलेला नाही. बायको पाहुण्यांना गाण्याची गोष्ट रंगवून सांगते, सगळे हसतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, की चांगला माणूस हो, दारूने वाया गेला. मी पाण्याचे ग्लास उचलून आत नेतो.

तो कधीच प्यायला नव्हता. हे मला माझ्या बायकोला सांगायचं आहे, ज्या ज्या घरी ते खरं मानलं गेलं त्या प्रत्येक घरी सांगायचं आहे, आणि त्याच्या गावी जाऊन त्याची माफी मागायची आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.